कुत्र्याला फल्लीदाणे, काजू-बदाम चालतात का?

स्वच्छ, कोरडे, भाजलेले आणि बिनमिठाचे फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, मोजके दिले, तर निरोगी मोठ्या कुत्र्याला त्यांपासून सहसा अपाय होत नाही. परंतु आपल्या खेड्यांतील कुत्र्यांच्या वाट्याला जे दाणे येतात, ते बहुधा या वर्णनात बसत नाहीत, आणि अडचण तिथेच आहे. शहरातील कुत्रा पाळणारे ‘कोणता सुकामेवा चालतो’ असे विचारतात. विदर्भातील शेतकऱ्याने मात्र ‘कोणत्या अवस्थेतील दाणा चालतो आणि तो कशात मिसळलेला आहे’ हे आधी पाहायला हवे, कारण दाण्याची जात निर्दोष असली तरी त्याची अवस्था घातक असू शकते.

अकोला, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात उन्हाळी भुईमूग काढला जातो तो मृगाच्या तोंडावर. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की शेंगा ओल्याच घरात येतात, ढिगात तापतात आणि त्यांवर बुरशी धरते. पुढे दाणे फोडून सुपात घेतले की घरातील बाई सवयीने काळपट, सुरकुतलेले, फुटके, कडवट वासाचे दाणे वेचून बाजूला काढते आणि चांगले दाणे डब्यात भरते. ही निवड अत्यंत शहाणपणाची आहे. चूक होते ती पुढच्या क्षणी, जेव्हा वेचून काढलेले दाणे कुत्र्यापुढे किंवा कोंबड्यांपुढे टाकले जातात.

ही चूक किती मोठी आहे हे समजण्यासाठी त्या बुरशीची ओळख करून घ्यावी लागेल. ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ आणि ‘अस्परजिलस पॅरासिटिकस’ या दोन बुरशी भुईमूग, मका, सरकी अशा पिकांवर वाढताना ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष तयार करतात. बुरशी केवळ कोठारातच लागते असे नाही. शेंगा भरण्याच्या काळात पावसाने ताण दिला आणि जमीन तापली, तर ती शेतातच दाण्यात शिरते आणि नंतर साठवणीतील ओलाव्यावर फोफावते. या विषाचा शोध लागला तो 1960 साली इंग्लंडमध्ये, जेव्हा ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या ढेपेवर पोसलेले टर्की पक्षी एक लाखाहून अधिक संख्येने मेले आणि आधी कोणालाच कारण उमगेना. त्याच्याही आधी, 1950च्या दशकात, अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्र्यांमध्ये यकृताच्या एका गूढ आजाराची साथ आली होती, आणि तिच्यामागेही हेच विष असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

अफ्लाटॉक्सिनविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोत्यातील सर्व दाण्यांत ते सारखे पसरलेले नसते. बहुसंख्य दाणे जवळपास निर्दोष असतात आणि मोजक्याच दाण्यांत विष एकवटलेले असते. हे दाणे बहुतेक वेळा तेच, जे रंगाने बदललेले, आकसलेले किंवा फुटलेले दिसतात. म्हणूनच हाताने निवडणे हा माणसाच्या अन्नातून हे विष कमी करण्याचा एक उत्तम उपाय मानला जातो. मात्र याच कारणाने निवडून बाजूला पडलेल्या ओंजळभर दाण्यांत संपूर्ण पोत्यातील विषाचा मोठा वाटा जमा होतो. घरातील माणसांना वाचवणारी निवड घरातील कुत्र्याच्या पोटात नेमके ते विष घालते.

‘भाजून दिले तर काय होते?’ असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. भाजल्याने बुरशी मरते, परंतु तिने तयार करून ठेवलेले विष उष्णतेला दाद देत नाही. कढईतील भाजण्याने ते काही अंशी कमी होत असले तरी भरवसा ठेवण्याइतके मुळीच नाही, आणि उकळल्याने तर त्याहूनही कमी. बुरशी पुसून टाकणे, उन्हात घालणे किंवा गूळ मिसळून देणे यांवरही भरवसा ठेवता येत नाही. शेंगा काढल्याबरोबर उलट्या पसरून, हलवल्यावर दाणा आत खुळखुळेपर्यंत वाळवल्या आणि शेंगांतील ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास आणून ठेवला, तर कोठारात बुरशी वाढायला वाव राहत नाही. बंदोबस्त इथेच होतो, कढईत नव्हे.

कुत्रा या विषाला विशेष बळी पडतो. यकृतात गेल्यावर अफ्लाटॉक्सिनचे रूपांतर अधिक घातक द्रव्यात होते आणि ते यकृताच्या पेशींना चिकटून त्यांचे काम बंद पाडते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम एवढी मात्रा एकदम पोटात गेली तरी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. खेड्यात अधिक दिसणारा प्रकार मात्र एकदम विषबाधेचा नसून थोडे थोडे विष अनेक आठवडे पोटात जाण्याचा असतो, म्हणून त्याचा आणि दाण्यांचा संबंध कोणी जोडत नाही. कुत्रे अन्न सोडते, मरगळते, अधूनमधून उलटी करते, लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या पडतात, शौचातून रक्त येते आणि शेवटी पोटात पाणी साचते. ‘कावीळ झाली’ म्हणून गावात त्याचा निकाल लावला जातो. कावीळ हे लक्षण असते, कारण ते नव्हे.

भारतातील एक घटना येथे सांगणे आवश्यक आहे. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत अवेळी पावसाने मक्याची कणसे बुरसटली आणि तोच मका खाल्ल्याने शेकडो लोक कावीळ आणि जलोदराने आजारी पडले. त्यांपैकी शंभराहून अधिक दगावले. त्या घरांमध्ये माणसांबरोबर तेच अन्न खाणारी कुत्रीही याच लक्षणांनी आजारी पडून मेली होती. मका आणि भुईमूग ही पिके वेगळी असली तरी बुरशी तीच आणि विषही तेच.

आता दाणे निर्दोष आहेत असे गृहीत धरू. तरीही प्रमाणाचा प्रश्न उरतो, आणि तो तेलाचा आहे. 100 ग्रॅम फल्लीदाण्यांत सुमारे 49 ग्रॅम चरबी असते, काजूत 44च्या आसपास, बदामात सुमारे 50 आणि अक्रोडात तर 65 ग्रॅमपर्यंत. रोज भाकर, वरण आणि ताक यांवर वाढलेल्या कुत्र्याच्या पोटात एके दिवशी अचानक एवढे तेल गेले, तर साधी हगवण आणि उलटी होऊन प्रकरण निभावते, पण काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. स्वादुपिंडातील पाचक रस अन्नाऐवजी त्याच ग्रंथीला पचवू लागतात, आणि कुत्रे वारंवार उलट्या करते, पोटाला हात लावू देत नाही, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलून उभे राहते. हा आजार अत्यंत वेदनादायक असून कधी कधी प्राणघातक ठरतो. लठ्ठ, वयस्क किंवा पूर्वी हा आजार होऊन गेलेल्या कुत्र्याला दाणे देऊच नयेत. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा दिवाळीत तळणाच्या कढईतील उरलेसुरले कुत्र्याला घालण्याची रीतही याच कारणाने धोक्याची आहे.

साधारण 15 किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला दिवसाला 800 ते 900 किलोकॅलरी ऊर्जा लागते, आणि मुख्य अन्नाव्यतिरिक्त जे काही खाऊ म्हणून दिले जाते ते त्याच्या एक-दशांशापलीकडे जाऊ नये असा पशुवैद्यकांचा संकेत आहे. या हिशेबाने कमाल मर्यादा सुमारे 15 ग्रॅम फल्लीदाण्यांची येते. मला तीही जास्त वाटते, विशेषतः रोज देण्यासाठी. कधीमधी आठ-दहा दाणे, फोल काढून, लहान पिल्लांसाठी तर कुटून, एवढे पुरेसे आहे. मुळात कुत्र्याला दाण्यांची गरज अशी काही नाहीच. त्यांतील प्रथिने उत्तम असली तरी अंडे, दूध-दही मानवत असेल तर तेही, आणि उकडलेले मांस यांतून ती अधिक सहज मिळतात. माणसांमध्ये दाण्यांची जी जीवघेणी अ‍ॅलर्जी दिसते ती कुत्र्यांत क्वचितच आढळते, त्यामुळे त्या भीतीने दाणे बंद करण्याचे कारण नाही. मीठ-मसाला लावलेले चकण्याचे दाणे मात्र देऊ नयेत.

रानडुकरांच्या भीतीने ज्यांना भुईमुगाच्या शेतात जागलीला जावे लागते, त्यांची कुत्री वाफ्यातील शेंगा उकरून फोलासकट खातात. ताजी ओली शेंग सहसा विषारी नसते आणि पोट थोडे बिघडण्यापलीकडे बहुधा काही होत नाही. कुत्र्याने खूप शेंगा गिळल्या आणि नंतर शौच बंद झाले, उलट्या थांबेनात, तर आतड्यात फोलाचा बोळा अडकल्याची शंका घ्यावी. शेताच्या बाबतीत खरी चिंता पेरणीच्या वेळची असते. भुईमुगाच्या बियाण्याला थायरम, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशके आणि काही ठिकाणी कीटकनाशकेही चोळली जातात, आणि पेरणीनंतर उरलेले रंगीत बियाणे ‘दाणेच तर आहेत’ म्हणून धुऊन जनावरांपुढे जाते. धुण्याने औषध पूर्ण निघत नाही. असे बियाणे कोणत्याही प्राण्याला घालू नये.

याच ओघात उंदीरमार औषधाचा उल्लेख करावा लागतो. झिंक फॉस्फाईडचे आमिष करताना धान्याचा भरडा आणि खाद्यतेल वापरण्याची शिफारस आहे, आणि फल्लीतेलाचा वास कुत्र्यालाही उंदराइतकाच ओढून घेतो. हे औषध पोटातील आम्लात मिसळले की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. उलटीला लसणासारखा उग्र वास येत असेल तर कुत्र्याला उघड्या हवेत न्यावे, माणसांनीही त्या उलटीचा वास घेत जवळ बसू नये, आणि वाटेत काहीही खायला न घालता डॉक्टरांकडे निघावे.

काजू आणि बदाम यांविषयी थोडक्यात सांगता येते. आपल्याकडे दुकानात मिळणारा काजू टरफल काढून, वाफवून आलेला असतो आणि एखाददुसरा तुकडा कुत्र्याने खाल्ला तर काही बिघडत नाही. गोड बदामही विषारी नसतो, फक्त कुत्रे तो न चावता गिळते आणि लहान कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात तो अडकू शकतो. कडू बदामात मात्र सायनाईड तयार करणारे द्रव्य असते. खोबऱ्याचा लहान तुकडा चालतो, करवंटीचा नाही. ज्या घरांत बिब्बे फोडून गोडंबी काढली जाते, तिथे बिब्ब्याचे तेल माणसाच्या कातडीला काय करते हे वेगळे सांगायला नको, म्हणून ते काम चालू असताना कुत्र्याला जवळ फिरकू देऊ नये.

अक्रोडाबाबत मी अधिक कडक राहीन. खेड्यातील किराणा दुकानात अक्रोड फारसे खपत नाहीत आणि वर्षभर बरणीत पडून खवट होतात, प्रसंगी बुरसतात. अक्रोडावर वाढणाऱ्या पेनिसिलियम जातीच्या काही बुरशी असे विष तयार करतात की कुत्र्याच्या अंगाला जोराचा कंप सुटतो, ताप चढतो आणि झटके येतात. उकिरड्यावरचे बुरसलेले अन्न खाल्ल्यावरही हाच प्रकार होतो, आणि गावात त्याला सहज पिसाळणे समजून कुत्र्याला काठ्यांनी मारले जाते. रेबीजची शंका असेल तर अंतर राखलेच पाहिजे यात वाद नाही, पण बांधून ठेवून डॉक्टरांना दाखवण्याआधी निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

मॅकाडेमिया नावाचे ऑस्ट्रेलियातील मूळ असलेले गोल, पांढरट फळ आता नागपूरच्या मोठ्या दुकानांतून आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या पेट्यांतून क्वचित घरी येते. कुत्र्याला ते निश्चितपणे बाधते आणि का बाधते हे शास्त्रज्ञांना अद्याप उमगलेले नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे अडीच ग्रॅमच्या आसपास खाल्ले तरी बारा तासांच्या आत मागचे पाय लुळे पडतात, उलट्या, थरथर आणि ताप येतो. समाधानाची बाब अशी की बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत पूर्ण बरी होतात.

याउलट ज्या पदार्थाला आपण सुकामेव्यातील सर्वांत निरुपद्रवी मानतो, ती किसमिस खरोखर घातक आहे. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मत अलीकडच्या वर्षांत पुढे आले असून, याच आम्लाने भरलेली चिंच खाऊनही कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ज्या प्रदेशात प्रत्येक धुऱ्यावर चिंचेचे झाड आहे, तिथे ही माहिती पोचली पाहिजे. म्हणून मूठभर मिसळलेला सुकामेवा, बाळंतिणीसाठी केलेला मनुका-जायफळ घातलेला डिंकाचा लाडू किंवा दाणे घातलेले चॉकलेट यांची गणना ‘दाण्यां’मध्ये करू नये. तिथे दाणा हा सर्वांत कमी धोक्याचा घटक असतो.

गोळ्या लपवून देण्यासाठी हल्ली दाण्यांचे लोणी, म्हणजे पीनट बटर, वापरले जाते. साखर नसलेल्या डब्यावर ‘झायलिटॉल’ हा शब्द आहे का ते अवश्य वाचावे. या गोडव्याने कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन भसकन सुटते, अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर कोसळते, आणि मात्रा जास्त असेल तर यकृतही जाते. माणसाला याचा असा त्रास होत नाही, त्यामुळे घरात कोणालाच संशय येत नाही. घरच्या खलबत्त्यात कुटलेला दाण्याचा कूट या कामासाठी उत्तम आहे.

विदर्भापुरता आणखी एक धोका आहे, तो खर्र्याचा. पानठेल्याजवळ टाकलेल्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे अवशेष असतात आणि भुकेले कुत्रे ती पन्नीसकट गिळते. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य एकेकाळी कुत्र्यांच्या आतड्यातील पट्टकृमी पाडण्यासाठी जाणूनबुजून दिले जात असे, परंतु त्याने लाळ, जुलाब आणि कधी हृदयाचा वेग मंदावणे असे दुष्परिणाम होत, म्हणून सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. त्यात तंबाखूतील निकोटीन मिसळले की परिणाम अधिकच बिकट होतो. ‘सुपारीने जंत पडतात’ हा गावठी समज अर्धा खरा असला, तरी आता तो अमलात आणण्याचे कारण उरलेले नाही.

ढेपेचेही असेच आहे. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य गाई-म्हशींच्या रवंथ करणाऱ्या पोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, पण कुत्र्याच्या पोटात ती सोय नसल्याने रोज गव्हाणीतील सरकी ढेप चाटणाऱ्या कुत्र्याच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो. एरंडीची ढेप खत म्हणून टाकली असेल तर त्या जागी कुत्र्याला काही दिवस जाऊ देऊ नये, कारण तिच्यातील रिसिन हे विष फार थोड्या प्रमाणातही रक्ताची हगवण लावते.

कुत्र्याने यांपैकी काही खाल्ल्याचे लक्षात आले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण जास्त मिठाने स्वतंत्र विषबाधा होते. तोंड उघडून दूध किंवा तेल ओतल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते. काय खाल्ले, किती वाजता, अंदाजे किती आणि कुत्र्याचे वजन किती, एवढे सांगता आले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. डबा, पुडी किंवा दाण्यांचा नमुना सोबत न्यावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या दूरध्वनी क्रमांकावर आधी विचारावे, आणि प्रकरण गंभीर असेल तर नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था गाठावी. अफ्लाटॉक्सिनवर उतारा नसला तरी सलाईन आणि यकृताला आधार देणारी औषधे वेळेवर मिळाल्यास काही कुत्री वाचतात.

कुत्र्याला कावीळ झाली आणि घरात बुरसट दाण्यांचे पोते असेल, तर ते पोते त्याच दिवशी वेगळे काढावे. त्यातील दाणे कोंबड्यांना घालू नयेत, घाण्यावरही नेऊ नयेत, कारण तेल काढताना विषाचा मोठा भाग ढेपेत उतरतो, ती ढेप गाईने खाल्ली की त्याचा अंश दुधात येतो, आणि ते दूध घरातील लेकरेच पितात.